पंचावन्न किलोवाले

आमच्या वाशीममध्ये कबड्डीच्या संघांना नावं आहेत, पण ती फ्लेक्सवर छापण्यापुरती. बोलताना कुणी नाव घेत नाही, किलो सांगतात. "पंचावन्नवाले आले काय?" "पासष्टवाल्यांनी यंदा कुठं मार खाल्ला?" मी लग्न होऊन या गावात आले त्या आठवड्यात भाजी घेत होते, तर मागे उभी असलेली बाई दुसरीला म्हणाली, "हे पंचावन्नवाल्याची बायको न?" आता यात अभिमान बाळगावा की भांडावं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गावोगावच्या कबड्डीच्या स्पर्धा वजनावर असतात. पंचेचाळीस किलो, पंचावन्न, पासष्ट, आणि मग खुला गट, म्हणजे ज्यांनी आशा सोडली त्यांचा. खेळण्याआधी प्रत्येक गड्याला काट्यावर उभं करतात. काटा जरा पुढे सरकला की तो गडी बाहेर. इतर ठिकाणचे संघ कप्तानपदावरून फुटतात, राजकारणावरून फुटतात. आमचा त्यामुळे पोळ्यांवरून फुटतो. कुणाला नोकरी लागली, चारीठाव जेवण मिळू लागलं की तो "वजनातून गेला". हा आमच्या घरात रोजचा शब्द आहे. परक्या माणसाला तो ऐकून वाटतं, कुणी दगावलं की काय.

आमच्या ह्यांच्या संघाची सुरुवात बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत झाली. पहिल्या सात जणांनी तिथली माती चाळणीने चाळली, खडे वेचले, पाणी मारलं आणि चुन्याने रेघा ओढल्या. सगळ्यांनी सारख्या बनियन घ्यायच्या ठरल्या. दुकानात एका रंगाच्या सात बनियन फक्त गुलाबी निघाल्या. पहिल्या वर्षी ज्या गावात गेले तिथे हसू झालं, आणि त्याच वर्षी त्यांनी दोन शील्ड आणल्या. मग रंग बदलायची कुणाची हिंमत झाली नाही. आज पोट्टे मॅटवर खेळतात, पायात बूट असतात, टीव्हीवर बघून मांडीवर थाप मारतात, केसांच्या बाजू खरवडून घेतात, पण बनियन गुलाबीच.

त्या पहिल्या सातांपैकी एक जण पुण्याला हॉटेलात कामाला लागला आणि एका पावसाळ्यात वजनातून गेला. कोपऱ्यात खेळणारा एक गडी होता, त्याचा हात एकदा घोट्याला बसला की सुटत नसे. तो एका दिवाळीत गेला. त्याची आई अजून म्हणते, "म्या कुठं खाऊ घातलं, चकल्या त्यानंच काढून काढून खाल्ल्या." जे जे गेले ते सगळे आता पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून बसतात आणि आतल्या पोरांना ओरडून शिकवतात. आमचे हे त्यांच्या मधोमध. ह्यांचं वजन मी इथे लिहिणार नाही. खुल्या गटाला मर्यादा नाही म्हणून बरं आहे. शील्ड मात्र सगळ्या माझ्या घरात. कपाटावर जागा उरली नाही, तेव्हा एक जड शील्ड मी मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवली. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आणि वजन उतरवण्याच्या एकेक तऱ्हा! भर दुपारी स्वेटर घालून आणि वर टॉवेल गुंडाळून पळतात. आदल्या दिवसापासून अन्न बंद, सकाळपासून पाणी बंद. चिंच तोंडात ठेवून थुंकत बसतात. नखं काढतात. नखांचं वजन ते किती, पण काढतात. काट्यावर चड्डीवर उभे राहतात आणि श्वास सोडून देतात, जणू पोटातल्या हवेलाही किलोने मोजतात. मी कितीदा म्हटलं, अरे, हवेला वजन नसतं. तर ह्यांनी मला शांतपणे सांगितलं, "तू काट्यावर उभी नाही राह्यली कधी."

या सगळ्या इतिहासात मी कशी शिरले, ते आता सांगते. कारण संघातले लोक ही गोष्ट चुकीची सांगतात. ते म्हणतात, वहिनीमुळे आपली रिठदची शील्ड गेली. साफ खोटं आहे.

माझं माहेर रिठद. तिथे सोयाबीन निघून गेलं, शेतं जरा मोकळी झाली की कबड्डीची स्पर्धा भरायची. आमच्या घरी धान्य मोजायचा मोठा इलेक्ट्रिक काटा होता. स्पर्धेवाले दरवर्षी तो मागायचे. बाबा द्यायचे, पण काट्यासोबत स्वतः जाऊन बसायचे, कारण एका वर्षी पोरांनी त्याच्यावर उड्या मारून पाहिल्या होत्या. कबड्डीशी बाबांना घेणंदेणं नव्हतं. खेळणारे सगळे उनाड, हे त्यांचं मत होतं आणि ते मोठ्याने सांगायचे. पण काट्याच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. काटा जे दाखवील ते, पुढे बोलणं नाही.

त्याच स्पर्धेच्या दिवशी वाशीमचं एक स्थळ मला बघायला आलं. मुलगा आणि त्याचा मोठा भाऊ. आम्हाला काय माहीत की त्यांनी एका खेपेत दोन कामं काढली होती! मुलगा पंचावन्नवाल्यांचा मुख्य चढाईचा गडी. संघ रिठदला येणारच होता, पिकअप ठरली होती, मग त्याच गाडीत बसून मुलगीही पाहून टाकू, असा मोठ्या भावाने विचार केला. असा विचार आमच्याकडचाच माणूस करू जाणे. बाबांचं कबड्डीबद्दलचं मत त्याला मध्यस्थाकडून कळलेलं होतं. म्हणून त्याने धाकट्याला बजावलं, खेळाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाकीचा संघ बिचारा मारुतीच्या पारावर अंग चोरून बसला होता. त्यांना गाडीतून उतरताना पाहून माझ्या आत्याने विचारलं, "हे गाडीतले पोट्टे कोन?" तर भाऊ म्हणाला, "कोन की बाप्पा, रस्त्यात बसले."

मी आलूपोहे केले होते. शेंगदाणे तळून, वरून खोबरं घालून. बशी नेऊन त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

"घ्या न," आई म्हणाली.

"नाही, मले चालत नाही."

आता, मुलगी बघायला आलेला मुलगा पोह्यांना हात लावत नाही, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. आईचा चेहरा उतरला. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, माझ्या प्रत्येक स्थळाच्या वेळी मुद्दाम येऊन बसायची. ती खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली. भावाने घाईने सांगितलं, "त्याले आज उपास हाये." झालं! आई आत जाऊन केळी आणि दूध घेऊन आली. त्याने केळं घेतलं नाही, दूध घेतलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला, तोही घेतला नाही.

"हा कोनता उपास बाप्पा?" आत्या म्हणाली. "पानी बी नाही?"

मुलाने फक्त मान हलवली. गाल बसलेले, ओठ सुकलेले, मधूनच आवंढा गिळायचा. केस मात्र झोकदार, नीट वळवलेले, मिशीही कोरलेली. आत्या माझ्या कानाशी लागली, "पोराले आतून काही बिमारी असन. पाहून घे." बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते घड्याळ पाहून उठले आणि म्हणाले, "माफ करा, मले निघा लागते. गावात कबड्डी हाये, सारे रिकामटेकडे जमा झाले अशीन. काटा पाहाले पायजे." मुलाने खाली मान घातली.

आम्हा दोघांना मागच्या अंगणात दोन शब्द बोलायला पाठवलं. मी संतापलेलीच होते. सकाळपासून कांदे चिरून डोळे सुजले होते. म्हटलं, "पसंत नसन तर तसं सांगा. पोह्यांवर काहून राग?"

तो म्हणाला, "पसंत आहा तुमी. पन एक वाजेपर्यंत मले पान्याचा घोट बी नाही चालत. एक वाजता येतो, तेव्हा खातो. ठेवून द्या माह्यासाठी."

"एक वाजता काय होते?"

"ते भावानं सांगू नको म्हनलं."

एवढं बोलला, पण खरं सांगते, बोलताना त्याची नजर कोपऱ्यातल्या माठावरून हलली नाही. मी नवी साडी नेसून, वेणी घालून समोर उभी, आणि हा माणूस माठाकडे बघतोय! तरीपण "पसंत आहा तुमी" हे त्याने इतकं सरळ म्हटलं की माझा राग कुठे ठेवू ते मला समजेना. याआधी जे आले होते ते सगळे "घरी विचारून कळवतो" म्हणून गेले होते. हा एकटा असा की ज्याने स्वतःचं मत सांगितलं, आणि नेमका तोच उपाशी निघाला. मला वाटलं, हे जमावं. पहिल्यांदाच असं वाटलं.

तो काम आहे म्हणून गेला. भाऊ आमच्याकडे बसून राहिला आणि आत्याला त्या उपासाचं महत्त्व समजावत राहिला. आत्या म्हणाली, हे स्थळ नको. आई केळी परत आत घेऊन गेली. मी पोहे झाकून ठेवले.

शाळेच्या मैदानावरचा भोंगा आमच्या घरापर्यंत स्पष्ट यायचा. थोड्या वेळाने त्यावर ओरडणं सुरू झालं, "गुलाबी बनियनवाल्या संघाचा एक खेळाडू वजनात बसला नाही. एक वाजेपर्यंत पुन्हा वजन देता येईल." बाजेवर बसलेला भाऊ ताडकन उभा राहिला. मग आमच्याकडे पाहून परत खाली बसला. मी ते पाहिलं, पण मला तरी काय कळणार?

एक वाजला असेल, तेव्हा दारात कुणीतरी उभं राहिलं. आत्या समोर होती. तिने एकदा पाहिलं आणि दोन्ही हात कपाळाला लावून जी किंकाळी फोडली ती चार घरं ओलांडून गेली. "अगं माय! कोन गेलं वो!"

तोच मुलगा होता. डोकं गुळगुळीत, आणि मिशीसुद्धा सफाचाट. डोक्यावरून पाण्याचे ओघळ येत होते आणि अंगात गुलाबी बनियन होती.

आमच्याकडे डोकं आणि मिशी एकदम कधी काढतात हे सांगायला नको. आई तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या. मोठ्या भावाचं तर भानच गेलं. दोघांचाही बाप वाशीमला घरी होता. भावाने घरी फोन लावला. पलीकडून वडिलांनीच "हॅलो" म्हटलं. भाऊ मटकन जमिनीवर बसला.

"कोनी नाही मेलं," मुलगा दारातूनच म्हणाला. "वजन जास्त भरलं होतं. जरासंच होतं. केस काढले तर बसलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ठेवले काय पोहे?"

मी हसले. हसले म्हणजे काय, भिंतीला धरून हसले. आत्या रागाने बघत होती, आई अजून रडत होती आणि मला थांबता येईना. तो पाटावर बसला. थंड पोहे त्याने दोन बशा खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायला, आणि मग "अजून हायेत काय?" म्हणाला. मी कढई पुसून दिली. तो खात होता तेवढ्या वेळात भावाने सगळं कबूल केलं. पारावरचे पोट्टे, उपास, पिकअप. आत्या प्रत्येक गोष्टीवर मान डोलावत होती, आणि मला कळत होतं की ती हे सगळं बाबांसाठी जमा करून ठेवते आहे.

दुपारी सामना आमच्या गावाशीच लागला. शाळेच्या भिंतीवर आम्ही बायका बसलो होतो. मी रिठदची, जन्मापासून आमच्या गावासाठी ओरडलेली, पण त्या दिवशी आमच्या गावाला गुण मिळाला की माझे हात टाळीसाठी वर उठेनात. तो पहिल्या चढाईला आला. उन्हात ते डोकं असं चमकत होतं की पोरं शिट्ट्या मारायला लागली. एकाला शिवला आणि परत फिरला, पण पाय उचलेना. दोन दिवसांचा उपाशी माणूस, त्यात पोटात दोन बशा आणि तांब्याभर पाणी. आमच्या कोपऱ्याच्या गड्याने घोटा धरला आणि बाकीचे वर पडले. मधल्या रेघेपासून त्याची बोटं वीतभर लांब राहिली. दुसऱ्यांदाही तसंच. सगळे गडी बाद होऊन लोण बसला आणि सामना गेला. म्हणून संघवाले माझं नाव घेतात. मी विचारते, मी खा म्हटलं होतं का? मी तर झाकून ठेवले होते.

दिवस कलायला आला तेव्हा दोघं भाऊ निरोप घ्यायला आले. अंगणात उभे राहिले, बसले नाहीत. पिकअपमध्ये बाकीचे पोट्टे मान खाली घालून बसले होते. बाबा काटा ढकलगाडीवर लादून घरी आले. पाय धुतले, ओट्यावर बसले. आत्या वाटच पाहत होती.

"भाऊ, ऐकून घे," ती बाबांना म्हणाली. "उपास खोटा. गाडीतले पोट्टे वळखीचे. कबड्डीचं लपवलं. भरल्या घरात मुंडन करून आला, मायी छाती अजून धडधडते. अन् एवढं करून हरला बी."

मी माजघरात दाराआड उभी होते. आत्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि बाबांना खोटं बोलणारा माणूस चालत नसे. आता बाबा "रामराम" म्हणतील आणि हे दोघं गाडीत बसून जातील, एवढंच उरलं होतं. मला रडू यायला लागलं होतं. हो, एका दिवसात. एका टकल्यासाठी.

बाबांनी टॉवेलने पाय पुसले. मग म्हणाले, "पहिल्यांदा काट्यावर चढला तेव्हा जराकसा जास्त भरला. म्या वर पाह्यलं, तर हा. सकाळी माह्या घरी बसलेला पाहुना. मांगं सारी लाइन उभी होती, मायाकडे पाहून राह्यली होती. म्या म्हनलं, झालं, आता हा म्हनते, मामाजी, सोडा न जरासं. अन् खरं सांगू काय, म्हनला असता तर मले लय जड गेलं असतं. पोरीचा बाप हाओ मी."

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"नाही म्हनला. वळखच नाही दाखवली. खाली उतरला अन् न्हाव्यापुढं जाऊन बसला." बाबा आत्याकडे वळले. "घरात खोटं बोलला तो त्याचा भाऊ, अन् ते वाईटच केलं. पन माह्या काट्यावर हा पोरगा खोटं नाही बोलला, बाई. काटा पुसायच्या वेळी तिथं कोनी पाह्यत बी नसते, तरी वजनात धूळ येऊ नये म्हनून मी पुसतो. मले असा मानूस समजते."

मग त्यांनी मान वळवून माजघराकडे पाहिलं. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"तुले काय वाटते?"

आतापर्यंत कितीक स्थळं आली, गेली. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी दारात आले. तो अंगणात उभा होता, उन्हाने लाल झालेलं डोकं, खरचटलेले गुडघे, बनियनला माती. आणि या वेळी तो माठाकडे बघत नव्हता.

मी बाबांना विचारलं, "केस यायले किती दिवस लागतीन?"

सगळ्यांच्या आधी आत्या हसली.